मेटल डिटेक्टरने हरवलेली अंगठी कशी सापडते, आणि यंत्र हातात असूनही का राहून जाते

वाळूत पडलेली अंगठी कुणीतरी यंत्र फिरवून दहा मिनिटांत काढून देतं, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. मग स्वतःची अंगठी पडली की माणूस कुठून तरी यंत्र मिळवतो आणि दिवसभर फिरवतो. हाती लागतात बाटल्यांची बुचं, खिळे आणि चॉकलेटचे चंदेरी कागद. यंत्रात बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. ते नेमकं काय ओळखतं याबद्दल गैरसमज असतो, आणि शोधायची जागा नको तितकी मोठी धरलेली असते.

यंत्राला सोनं कळत नाही

दांड्याच्या टोकाला जो गोल, चपटा भाग असतो त्याला कॉइल म्हणतात. तिच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते, त्यामुळे खालच्या जमिनीत तसंच दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र धातूला भिडलं की धातूत विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. हे भोवरे स्वतःचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. थोडक्यात, कॉइल हाक मारते आणि धातू ओ देतो.

यंत्र फक्त दोन गोष्टी मोजतं: ओ किती जोरात आली आणि किती उशिरा आली. वस्तू चांगली वीजवाहक, जाड आणि मोठी असेल तर ओ उशिरा येते. हा उशीर यंत्र आकड्यात बदलून पडद्यावर दाखवतं, बऱ्याच यंत्रांत ० ते ९९ या पट्टीवर. लोखंड तळाशी आणि चांदीची जाड वस्तू वरच्या टोकाला असते. सोनं कुठे असतं? मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यात कुठेही.

शुद्ध सोनं उत्तम वाहक आहे, पण शुद्ध सोन्याची अंगठी फार मऊ पडते, म्हणून बहुतेक अंगठ्यांत दुसरे धातू मिसळलेले असतात. १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्के, १४ कॅरेटमध्ये सुमारे ५८ टक्के. गंमत अशी, की मिसळलेलं तांबं आणि चांदी हे दोन्ही सोन्यापेक्षा चांगले वाहक असूनही मिश्रण मात्र तिघांपेक्षा वाईट वाहक ठरतं. वेगवेगळ्या जातीचे अणू एकमेकांत विस्कटून बसले की विजेची वाट अडखळते. परिणामी १४ कॅरेटची बारीक अंगठी पडद्यावर चंदेरी कागदाच्या आकड्याला येते आणि जाड वळं डब्याच्या ओढायच्या कडीच्या आकड्याला. प्लॅटिनमची वाहकता शुद्ध सोन्याच्या साधारण एक पंचमांश आणि टायटॅनियमची विसाव्या भागाच्या आसपास, म्हणून त्यांच्या अंगठ्या त्याहूनही खाली येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. यंत्रात ‘डिस्क्रिमिनेशन’ नावाची सोय असते. नको त्या आकड्यांचा आवाज तिने बंद करता येतो. माणूस कचऱ्याला कंटाळतो, चंदेरी कागद आणि कड्या बंद करून टाकतो, आणि मग अंगठीवरून शांतपणे चालत जातो. अंगठी शोधताना फार तर लोखंडाचा आवाज बंद करावा. बाकी जे वाजेल ते उकरायचं. दुसरा मार्ग नाही.

बंद वळं आणि नाजूक साखळी

अंगठी हे एक बंद वर्तुळ आहे, त्यामुळे विजेच्या भोवऱ्याला फिरायला अखंड वाट मिळते आणि ओ जोरात येते. तीच अंगठी कापलेली असेल किंवा जोड उघडला असेल, तर वाट तुटते आणि आवाज एकदम दुबळा होतो. घट्ट बसली म्हणून कधी काळी कापलेली आणि पुन्हा न जोडलेली अंगठी शोधायची असेल, तर हे आधीच विचारून घ्यावं.

बारीक साखळीची गोष्ट याहून वाईट. तिच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे वीज संपूर्ण साखळीभर फिरत नाही आणि यंत्राला एकेक कडी वेगळी वाटते. भरपूर सोनं असलेली साखळी यंत्राला जवळजवळ ऐकूच येत नाही. बऱ्याचदा फक्त तिचा फासा किंवा पदक वाजतं. आणि खोबणीतून निखळलेला नुसता हिरा? तो धातूच नाही. त्याच्यासाठी चाळणी घ्यावी, यंत्र नाही.

खोली वाढली की आवाज कसा कोसळतो

हाक जाताना विरते आणि ओ परत येताना पुन्हा विरते. कॉइलच्या मानाने अंतर बरंच झालं की ही घट अंतराच्या सहाव्या घाताने होते. म्हणजे खोली दुप्पट झाली तर आवाज चौसष्टपट बारीक. सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाच्या नेहमीच्या कॉइलला स्वच्छ जमिनीत अंगठी साधारण २० सेंटिमीटरपर्यंत ऐकू येते, खराब जमिनीत त्याच्या निम्म्यावर. म्हणूनच कॉइल जमिनीपासून १० सेंटिमीटर उंच धरून फिरवणारा माणूस अर्धा पल्ला हवेतच घालवत असतो.

यात दिलाशाची गोष्टही आहे. नुकतीच पडलेली अंगठी हिरवळीवर गवताच्या मुळाशी असते आणि कोरड्या वाळूत वरच्या काही सेंटिमीटरांत. तिथे खोलीचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो एकही हातभर जागा न सोडण्याचा.

पडल्याचं लक्षात आलं की लगेच

जागेवरून हलू नका. पायाशी काहीतरी खूण ठेवा: चप्पल, बाटली, पिशवी, हाताशी असेल ते. मोबाईलवर जागा साठवून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. उघड्या आकाशाखालीही मोबाईलची जागा साधारण ५ मीटरने इकडेतिकडे असू शकते. त्यापेक्षा जुनी युक्ती चांगली. एका दिशेला दोन स्थिर वस्तू एका रेषेत दिसतात का बघा, जसं की खांबाच्या बरोबर मागे इमारतीचा कोपरा. मग साधारण काटकोनात दुसऱ्या दिशेला अशीच जोडी शोधा. दोन्ही दिशांचे फोटो घ्या. उद्या तुम्ही त्याच दोन रेषा जिथे मिळतात तिथे उभे राहू शकता, अगदी कमरेएवढ्या पाण्यातही.

चार माणसांना गोळा करून पायांनी वाळू उसकटू नका. हिरवळ असेल तर गवत कापू नका आणि पानं दाताळ्याने ओढू नका. ओढलेल्या ढिगाबरोबर अंगठी भलतीकडे जाते. आधी टॉवेल झटका, हातमोजे उलटे करा, खिशांची अस्तरं आणि पिशवीचा तळ तपासा. बाहेर हरवली म्हणून शोधलेली अंगठी गाडीच्या सीटखाली निघणं मुळीच दुर्मीळ नाही.

जागा आखणं: अर्धं काम इथेच होतं

पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ७९ चौरस मीटर. त्रिज्या १५ मीटर धरली की ७०७ चौरस मीटर, म्हणजे नऊपट. “इथेच कुठेतरी” आणि “तिकडे असेल” या दोन उत्तरांतला फरक असा कामाच्या तासांत मोजता येतो. त्यामुळे यंत्र सुरू करण्याआधी अंगठीच्या मालकाला निवांत बसवून विचारावं: शेवटची बोटात कधी पाहिली? त्यानंतर हात कुठे कुठे गेले? लोशन लावलं का? चेंडू फेकला का? थंड पाण्यात बोटं आकसतात, तेलकट लोशनने घर्षण जातं, आणि झटक्याने हात फिरवला की अंगठी निसटते. हा झटका कुठे बसला ते कळलं की निम्मा शोध झाला.

रागाने फेकलेली अंगठी हे वेगळं प्रकरण. फेकणाऱ्याला अंतराचा अंदाज कधीच बरोबर नसतो. त्याला त्याच जागी उभं करून त्याच हाताने, अंगठीच्या वजनाचे तीनचार लोखंडी नट फेकायला सांगा. ८ मिलिमीटरच्या बोल्टचा नट साधारण ५ ग्रॅमचा असतो. त्याला भडक रंग लावा. नट जिथे जिथे पडतील त्या पट्ट्यात आधी शोधा. फीत मात्र बांधू नका; हवा अडून अंतर कमी पडतं.

मग दोरी. समजा १० मीटर बाय १० मीटर जागा आहे. दीड दीड मीटरवर दोऱ्या ताणल्या की सात पट्टे होतात. प्रत्येक झोक्याला कॉइल तिच्या रुंदीच्या निम्म्याएवढीच पुढे सरकवायची, म्हणजे १३–१४ सेंटिमीटर. अशा हिशेबाने एका पट्ट्यात पाऊणशे झोके आणि सगळ्या जागेत पाचशेच्या वर. एका झोक्याला दोन सेकंद धरले तर नुसतं फिरवायला वीस मिनिटं, आणि उकरण्याचा वेळ वेगळा. फार नाही. पण दोरीशिवाय फिरणारा माणूस त्याच वीस मिनिटांत तीच जागा तीनदा झाडतो आणि कोपरे तसेच ठेवतो, आणि हे त्याला कळतही नाही.

यंत्र लावणं

हरवलेल्या अंगठीसारखी, त्याच धातूची आणि जवळपास त्याच जाडीची अंगठी मिळाली तर जमिनीवर ठेवून तिच्यावरून कॉइल फिरवा. आवाज ऐका, आकडा लिहून ठेवा. मग ती आडवी, उभी, तिरकी करून पाहा. उभ्या कडेवर रुतलेली अंगठी आडव्या अंगठीपेक्षा बारीक वाजते. एवढ्यावर शोधाची तयारी बरीचशी होते.

यानंतर ‘ग्राउंड बॅलन्स’. जमिनीतले खनिज कणही ओ देतात, ती वजा करण्याची ही सोय. धातू नसलेल्या ठिकाणी कॉइल जमिनीजवळून साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत वरखाली करायची आणि आवाज स्थिर होईपर्यंत जुळवत राहायचं. जागा बदलली, कोरड्यातून ओल्यात गेलात, की पुन्हा.

संवेदनशीलता पूर्ण वाढवण्याचा मोह टाळा. वरच्या थरातल्या अंगठीला तिची गरज नसते, आणि विजेच्या तारांजवळ यंत्र उगाच किरकिरू लागतं. बारंबारता, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा दिशा बदलते ते, बदलण्याची सोय असेल तर बारीक अंगठीसाठी वरची निवडा. आणि स्वतःकडे पाहा: बोटातली अंगठी, कडं, खिशातला मोबाईल, पोलादी टोकाचे बूट हे सगळं वाजतं. दोन यंत्रं जवळजवळ चालवली तर ती एकमेकांची हाक ऐकून गोंधळतात. मध्ये चांगलं अंतर ठेवावं.

फिरवताना कॉइल जमिनीपासून दोनतीन सेंटिमीटरवर आणि जमिनीला समांतर. नवखे लोक झोक्याच्या दोन्ही टोकांना मनगट उचलतात, आणि पट्ट्याच्या कडा कोऱ्या राहतात. हेडफोन घालावा, वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात दुबळी खूण उघड्या कानाला लागत नाही.

वाजलं, आता पुढे

आवाज आला की त्याच जागी काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी जिथे आवाज टोकदार होतो तिथे दोन रेषांची फुली मारली की नेमकी जागा मिळते. एकाच दिशेने वाजणारी, तुटक आवाजाची वस्तू बऱ्याचदा खिळा असतो. पण खिळ्याशेजारी अंगठीही असू शकते, आणि लोखंडाची ओ तिला झाकून टाकते. म्हणून खिळ्यांचा सुळसुळाट असेल तर वरचं लोखंड आधी चुंबकाने वेचून घ्यावं आणि छोटी कॉइल लावावी. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी चार वस्तू येतात.

हिरवळीत फावडं नको. ‘पिनपॉइंटर’ म्हणजे हातात धरायचा, दांड्यासारखा छोटा डिटेक्टर. तो काही सेंटिमीटरांवरूनच वाजतो, म्हणून त्याने गवत बाजूला सारत शोधायचं. ताज्या हरवलेल्या अंगठीसाठी हिरवळ उकरण्याची वेळ येत नाही. खोल वाजणारी वस्तू तिथे आधीपासून आहे, ती सोडून द्यावी.

वाळूत भोकांचं पोलादी फावडं वापरतात, भोकं साधारण १० मिलिमीटरची. वाळू गळते आणि अंगठी राहते. ओल्या वाळूत मात्र पहिला घाव महत्त्वाचा. खड्ड्यात पाणी भरलं की बाजूची वाळू पातळ होते आणि जड अंगठी तिच्यातून खाली घसरते. म्हणून खुणेच्या बरोबर मध्यावर न टोचता थोडं पलीकडून, खोल आणि एका दमात उचलायचं. पाण्यात तर आधी बुटाचं टोक कॉइलच्या कडेला लावायचं आणि मगच कॉइल बाजूला घ्यायची. पाय हलला की जागा गेली. उपसल्यावर आधी खड्ड्यावरून कॉइल फिरवा. आवाज गेला असेल तर वस्तू फावड्यात किंवा उपसलेल्या ढिगात आहे, ढीगही तपासा. शेवटी खड्डा बुजवा.

समुद्रकिनारा वेगळा का

मिठाचं पाणी स्वतःच वीजवाहक आहे. ओली वाळूही ओ देते, आणि नेमकी बारीक सोन्याच्या आकड्याजवळ. एकाच बारंबारतेचं साधं यंत्र कोरड्या वाळूत झकास चालतं आणि ओल्या रेषेवर पाऊल ठेवताच बडबडू लागतं. अशा वेळी एकाच वेळी अनेक बारंबारता वापरणारं यंत्र घ्यावं, नाहीतर ‘पल्स’ प्रकारचं. पल्स यंत्र हाक मारून थांबतं, मिठाची ओ क्षणार्धात विरू देतं आणि मग ऐकतं. पण त्याला लोखंड आणि सोनं यांतला फरक नीट सांगता येत नाही, त्यामुळे सगळंच उपसावं लागतं. शिवाय बारीक साखळीची ओ मिठाइतकीच झटकन विरते, ती तेवढ्यात हुकते.

अंगठी पाण्यात पडली असेल तर ओहोटीचं वेळापत्रक पाहा. भरती आणि ओहोटीत सुमारे सहा तासांचं अंतर असतं आणि वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीचं पाणी सर्वांत दूर जातं. काल कमरेएवढं असलेलं पाणी तेव्हा घोट्यावर येऊ शकतं. पण नुसती वाट पाहत बसू नका. १८ कॅरेट सोन्याची घनता वाळूच्या कणाच्या साधारण सहापट असते. लाटा वाळू हलवत राहतात तशी अंगठी कठीण थर लागेपर्यंत खाली जाते, आणि वर नवी वाळू साचली तर दोनतीन भरत्यांत ती यंत्राच्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. यंत्र पाण्यात नेण्याआधी ते पूर्ण जलरोधक आहे की फक्त कॉइलच, हेही वाचून घ्या. वरची पेटी बुडवून यंत्र गमावणारे कमी नाहीत.

मोबाईलचं ॲप चालणार नाही का?

नाही. मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो आणि ॲप त्याचेच आकडे दाखवतं. लोखंडाजवळ ते आकडे हलतात. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांनी ते हलत नाहीत, कारण मोबाईल हाक मारतच नाही. दोरीला चुंबक बांधून विहिरीत सोडणंही व्यर्थ, कारण सोनं चुंबकाला चिकटत नाही.

दुरून सोनं दाखवणारी यंत्रं?

अँटेना हातात धरा आणि ती सोन्याकडे वळेल, असं सांगून विकली जाणारी यंत्रं म्हणजे फसवणूक. एडीई ६५१ नावाचं असंच अँटेनाचं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अंगठीची ओ हातभर अंतरावरच विरून जाते, ती शंभर मीटरवरून ऐकणारं काही नाही.

खरं यंत्रही चुकतं ना?

चुकतं, आणि तेही पहिल्यापासून. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेले होते. डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून उजवीकडेच शोधलं गेलं. खाली गादीत पोलादी स्प्रिंग होत्या. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. चुकीची जागा आणि शेजारचं लोखंड, आजही बहुतेक शोध याच दोन कारणांनी फसतात. घरात शोधणं तर जवळजवळ अशक्यच, कारण फरशीखाली सळया आणि भिंतीत तारा. अंगठी बेसिनमध्ये गेली असेल तर नळ बंद करून खालचा वाकडा पाइप उघडा. ती बहुधा तिथेच बसलेली असते.

काही महिन्यांनी सापडेल का?

हिरवळीत, बागेत, शेतात बऱ्याचदा हो. सोनं गंजत नाही. गांडुळं खालची माती वर आणत राहतात, त्यामुळे अंगठी वर्षागणिक थोडी खाली जाते, पण टप्प्यात राहते. नांगरलेल्या शेतात ती आडवी सरकलेली असू शकते, तेव्हा नांगराच्या दिशेने पट्टा लांबवावा. दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगी घ्यावी, आणि संरक्षित पुरातत्त्व स्थळांवर यंत्र नेणं बहुतेक देशांत गुन्हाच आहे.

शोध सोडण्याआधी नमुन्याची अंगठी पुन्हा जमिनीवर ठेवून यंत्राला ती ऐकू येते का पाहा. काही यंत्रांत बॅटरी उतरली की संवेदनशीलता घसरते आणि पडदा मात्र छान उजळलेला असतो. मग दोऱ्या सोडून काटकोनात पुन्हा ताणा आणि तीच जागा दुसऱ्या दिशेने झाडा. उभ्या कडेवर रुतलेली किंवा खिळ्याआड लपलेली अंगठी या फेरीत वाजू शकते. तरीही नाही मिळाली तर चौकट चारी बाजूंनी न वाढवता एकाच बाजूला दोन मीटर वाढवा: उतारावर उताराकडे, किनाऱ्यावर पाण्याकडे, आणि फेकलेल्या अंगठीसाठी फेकण्याच्या दिशेने पुढे.